संभाजीनगर की नांदेड? पुण्याहून परत येणाऱ्यांसाठी

पुण्यात 9 वर्षं काढून मी संभाजीनगरला परत आलो, बायकोचं माहेर नांदेडचं, त्यामुळे घरात हा वाद रोजचाच. नोकरीचं बघाल तर संभाजीनगरच, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या आहेत, विमानतळ आहे, आणि रविवारी कंटाळा आला की वेरूळ 30 किलोमीटरवर, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी. नवीन आलेले लोक जुने दरवाजे बघून खुश होतात आणि नान खलिया खाल्ला की इथलेच होऊन जातात. पण पाणी! जायकवाडी एवढं जवळ असून नळाला रोज पाणी नाही, घर बघताना आधी टाकी केवढी ते विचारायचं, भाडं नंतर.

नांदेडला गोदावरी गावातूनच वाहते, संध्याकाळी घाटावर बसलं की डोकं शांत होतं, गुरुद्वाऱ्यात लंगरला कुणीही जाऊन जेवावं, अस्सल मराठी बोलणारे सरदारजी भेटतात (नवीन माणूस हमखास दचकतो), आणि सचखंड एक्सप्रेसनं थेट अमृतसर. कंपन्या मात्र कमी. उन्हाळा दोन्हीकडे सारखाच भाजतो.

मी इकडेच आहे, पगारासाठी. मन नांदेडला लागतं, पण हे सासऱ्यांना सांगू नका.