संग्रहालयाचा सभासद: दहा महिन्यांचं वेबिल

गेल्या जूनमध्ये, मिरग लागायच्या आठवड्यात, आमच्या तालुक्याच्या गावातल्या संग्रहालयाचं वार्षिक सभासदत्व घेतलं. 300 रुपये. एसटीतून निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि घरात माझी अडचण व्हायला लागली होती. पैसे बायकोनेच काढून दिले. आता एप्रिल संपत आलाय. एवढ्या दिवसांत छोटे-मोठे धरून 21 कार्यक्रमांना गेलो. आकडा पक्का आहे. तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, वेबिल, म्हणजे फेरीचा हिशेबाचा कागद, लिहिल्याशिवाय झोप लागत नाही, तशी याचीही वही ठेवली होती. संग्रहालयाचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, आणि चालवणारी माणसं रोज मासळी बाजारात भेटतात.

दालनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुनं कौलारू घर, खाली तीन खोल्या, वर माळा. तलवारी, पानदान, लामणदिवे, कुठल्यातरी खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या) वाड्यातला पितळी कड्यांचा झोपाळा. अर्ध्या तासात बघून होतं. सोमवारी बंद. पावसात लाइट गेली की वरच्या माळ्यावर जाऊ देत नाहीत, आणि पावसात लाइट जातेच. नुसतं बघायला जाणार असाल तर एकदा तिकीट काढून या, सभासद होऊ नका. सभासद व्हायचं ते शनिवारच्या कार्यक्रमांसाठी.

त्यातला सगळ्यात भारी म्हणजे ‘वस्तू घेऊन या’. दर दोन महिन्यांनी एक शनिवार. घरातली कुठलीही जुनी वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची, तिच्याबद्दल बोलायचं. माहितगार मंडळी बसलेली असतात, ती आपल्याला ठाऊक असेल ते सांगतात. पहिल्याच वेळी एक गृहस्थ मंगलोरी कौल घेऊन आले. कौलाच्या पाठीवर ‘बासेल मिशन’ आणि 1865 असा ठसा. आमचं घर 1865 सालचं, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. टेबलापलीकडच्या मॅडमनी हळूच सांगितलं की मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला ते हे साल. कौल कधी भाजलं त्याचा याच्याशी संबंध नाही. गृहस्थांचा चेहरा उतरला. शेजारचा म्हणाला, ‘म्हणजे आमच्या गोठ्यावर पण 1865च हाय, आन् तो माज्यासमोर बांदलाय.’ सगळे हसले, गृहस्थही हसले. कौल परत पिशवीत घालून, चहा पिऊन गेले.

मी माझा तिकिटांचा ट्रे आणि पंच नेला होता. मशीन यायच्या आधीचा. शाळेची पोरं तुटून पडली. एकेकाला रद्दी कागदावर भोकं पाडू दिली, कट-कट-कट असा आवाज अर्धा तास चालू होता, शेवटी शिपायाने ‘पुरे आता काका’ म्हटलं. संग्रहालयात वस्तूला हात लावायला मिळणं पोरांना किती आवडतं ते तिथे कळलं. एरवी त्यांना ‘हात लावू नये’ एवढंच ऐकायला मिळतं.

पण खरी गोष्ट घडली ऑगस्टातल्या शनिवारी. दालनात एक लाकडी पायली आहे, धान्य मोजायची. खालच्या पाटीवर लिहिलंय: ‘धान्य मोजण्याचे माप. वाड्यातून प्राप्त.’ त्या दिवशी ती टेबलावर आणून ठेवली होती. ऐंशीच्या पुढचे एक बाबा आले, डोक्याला मफलर, नातवाच्या खांद्यावर हात. त्यांनी पायली उचलली, आत मूठ घालून बघितली, उलटी केली, बुडावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘ही द्यायची. घ्यायची येगळी व्हती. मोठी.’ कुणाला कळेना. नातू म्हणाला, आजा सांगतोय की खोत कुळाकडून भात मोजून घेताना एक पायली वापरायचा आणि पावसात उसनं द्यायला दुसरी. बाबांनी मग मोठी केवढी होती ते हातांनी दाखवलं. वाद घालायला कुणी तोंड उघडलं नाही, कारण हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या घरात हे ऐकलेलं होतं. माझ्या आईनेही सांगितलंय.

त्यावर एका तरुण मास्तरांनी बाकीचं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायलाच नकार दिला, 1933 ते 1939 अशी सहा वर्षं. नारायण नागू पाटील पुढे होते. डॉ. आंबेडकरांनी 1937च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. बाबा मान हलवत ऐकत होते. सालं त्यांना ठाऊक नव्हती, पायलीचा घेर ठाऊक होता. एका टेबलावर दोन्ही गोष्टी आल्या. दुसरीकडे कुठे असं बघायला मिळालं असतं असं मला वाटत नाही.

आणि मग? मग काही नाही. पायली परत काचेत गेली. पाटी तीच.

या ठिकाणाची खोड ती हीच. शनिवारी हॉलमध्ये जे बोललं जातं ते सोमवारपर्यंतही टिकत नाही. डिसेंबरात बोटींच्या आठवणींची संध्याकाळ ठेवली होती. मुंबईहून किनाऱ्याने बोटी यायच्या, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग करत खाली वेंगुर्ल्यापर्यंत. त्यातून प्रवास केलेली माणसं आता थोडी उरलीत, त्यातली नऊ जण त्या दिवशी आली होती. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची. पडावातून तिथपर्यंत जायचं आणि हलत्या शिडीवर पाय टाकायचा. एका आजींनी पिंपात घालून कोंबड्या नेल्याचं सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या, ‘मला बोट दिसली की बोट लागायची.’ तीन तास झाले तरी कुणी उठेना. एक मुलगा हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. फेब्रुवारीत मी ऐकायला मागितलं तर कळलं, त्या मुलाने फोन बदलला. दुसरीकडे उतरवून घेतलं होतं का? नाही. त्या नऊ जणांपैकी एक आजी जानेवारीत गेल्या. मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मोडी लिपीच्या वर्गाबद्दल मात्र शंभरपैकी शंभर. दहा शनिवार, वेगळी फी नाही, बोरू स्वतःचा आणायचा. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात उचलायचा नाही. शब्द संपला कुठे आणि सुरू झाला कुठे ते कागद सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, ते मला फार आवडलं. चौथ्या शनिवारी नारळाच्या झाडांवरून झालेल्या एका कज्जाच्या कागदाची झेरॉक्स दिली. वर तारखेत ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे: दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे 1172. हा शुहूर सन, जुन्या सरकारी कागदांतली कालगणना. त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीनंतरचा कागद असेल तर 600. आमचा कागद निघाला 1771चा. पण मला खरी गंमत वाटली ती पुढची: हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. म्हणजे सरकारी वर्ष आणि शेतकऱ्याचं वर्ष एकाच दिवशी. मी सभासद झालो तो आठवडा हिशेबाला बरोबर होता म्हणायचा.

वर्गात आम्ही चौदा जण होतो, शेवटी सात उरलो. त्यात एक तलाठी, दोन कॉलेजच्या मुली, एक निवृत्त नर्स. नर्सबाई सगळ्यात पुढे. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून हात बसलाय म्हणाल्या.

कातळशिल्पांची सहल राजापूर तालुक्यातल्या कशेळीला नेली होती, मार्चमध्ये. कशेळीचा कातळावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात लहान-मोठे कितीतरी प्राणी कोरलेत. 2022 साली कोकणातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला, आठ आपली आणि एक गोव्याचं, त्यात हे आहे. ही शिल्पं बघायची तर सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर, कारण तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते तेव्हाच रेघ दिसते. आमची गाडी सातची होती. निघाली साडेनऊला, एका पाहुण्यांसाठी थांबलो. सड्यावर, कातळाच्या माळावर, पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर, कातळ तव्यासारखा, आणि हत्ती सपाट. गाइड काठीने सोंड दाखवत होता आणि आम्ही ‘हो हो’ म्हणत होतो. मी पुन्हा एकटा गेलो, संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा दिसला. अख्खा. बराच वेळ नुसता उभा राहिलो.

वेळेचं हे दुखणं सगळीकडे आहे. कार्यक्रम पाचचा, सुरुवात पावणेसहाला, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक. आमच्या बाजूची शेवटची गाडी सव्वासातला सुटते. मूळ वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा खेड्यातून आलेले लोक पिशव्या आवरत असतात. मी डेपोत तीस वर्षं काढलीत, तेव्हा स्वखुशीने गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. नोटीस बोर्डावर लावल्यात. सुरुवात अजून पावणेसहालाच होते. एक व्याख्यान तर ऐन शिमग्यात, पालखी आमच्या वाडीत असताना ठेवलं होतं. वक्ते, व्यवस्थापक, शिपाई आणि मी. वीस मिनिटांनी मीही पळालो. मे महिन्यात कार्यक्रमांची रेलचेल असते, पण गावातला माणूस तेव्हा आंब्यात गळ्यापर्यंत बुडालेला. ते पर्यटकांसाठी आणि चाकरमान्यांसाठी, असं समजून घ्यावं.

18 ऑगस्टच्या निमित्ताने झालेलं हेलियमवरचं व्याख्यान सांगायलाच हवं. विजयदुर्गावरून लॉकियर या इंग्रज साहेबाने 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास ग्रहणात हेलियम शोधला, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. त्या रूटवर ड्युटी असताना मी स्वतः पर्यटकांना सांगितलंय. वक्ते म्हणाले, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, ग्रहण बघणारा फ्रेंच जान्सेन होता गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरात, आपल्या देशात बसून. विजयदुर्गाकडचे दोघे उठून उभे राहिले. चांगलंच वाजलं. पण वक्त्यांनी तारखा फळ्यावर मांडल्या, आवाज चढवला नाही, आणि शेवटी ते दोघे आणि वक्ते एकाच रिक्षातून गेले. असं भांडण होऊ देणारी जागा मला आवडते.

आता माझी स्वतःची तक्रार. वडील लालबागला गिरणीत होते. दर महिन्याला मनिऑर्डर यायची, तिच्या खालचं मजकुराचं कुपन आई जपून ठेवायची. बिस्किटाच्या डब्यात अशी 64 कुपनं. ‘30 रुपये पाठवले. मिरगाआधी घर शाकारून घे. बाळ्याला पाटी घे.’ बाळ्या म्हणजे मी. शेवटचं कुपन डिसेंबर 1981चं. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, त्यानंतर डब्यात काही पडलं नाही. ऑक्टोबरच्या शनिवारी हा डबा नेला. मॅडमना वाचता वाचता पुढे बोलवेना. प्रदर्शनात ठेवू म्हणाले, मी हो म्हटलं. पावती मागितली, तर ‘देतो की काका, कुठे पळून जातोय’. चार वेळा मागितली. जानेवारीत मिळाली, तीवर लिहिलेलं: ‘जुने कागद, डबा 1’. पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मी समोर बसून नवी पावती करवून घेतली: नग 64, साल पहिलं, साल शेवटचं, देणगी नव्हे, एका वर्षासाठी उसने. तुम्ही कुणीही काही देणार असाल तर हे लिहून घ्या, आणि घरी फोटो काढून ठेवा.

कुपनं मांडली ती खिडकीशेजारच्या काचपेटीत. दुपारचं ऊन थेट वर. महिन्याभरात निळी शाई फिकी झाल्यासारखी वाटली. पुन्हा जाऊन बोललो. या वेळी ऐकलं: झेरॉक्स काचेत, अस्सल कपाटात, कागदाच्या घड्या मोकळ्या करून. पावसाळ्याआधी त्या कपाटात बुरशीसाठी काय करणार, ते विचारायचंय.

सभासदत्व जूनमध्ये संपतं. नूतनीकरणाचा फॉर्म परवा भरून दिला, 300 रुपयांसकट. त्यात ‘सूचना’ म्हणून एकच ओळ आहे, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं: पायलीखालची पाटी बदला, बाबा अजून आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. पावती घेतलीय.