सिव्हिलायझेशन ६ : आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी सिव्हिलायझेशन ६ या, आपली संस्कृती वसवून वाढवण्याच्या संगणकावरील खेळाचे सात डाव शेवटपर्यंत खेळलो आणि जवळपास तितकेच अर्ध्यावर सोडले. हा खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. मी तो बराच उशिरा, सवलतीच्या दिवसांत, २०१८ चा राइज अँड फॉल आणि २०१९ चा गॅदरिंग स्टॉर्म हे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायचे पूरक संच, धरून घेतला. त्यामुळे पुढचे सर्व लिखाण त्या पूर्ण संचाबद्दल आहे. इसवी सनापूर्वी ४००० पासून इसवी सन २०५० पर्यंतचा काळ सर्वसाधारण वेगात ५०० फेऱ्यांमध्ये वाटलेला असतो, म्हणजे एक डाव संपवायला माझ्यासारख्या नोकरदार माणसाला तीन-चार आठवड्यांच्या रात्री सहज लागतात. इतका वेळ मागणाऱ्या खेळाचे नियम कितपत समजतात, हा प्रश्न मला चित्रांपेक्षा आणि संगीतापेक्षा महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी त्याबद्दलच लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. या खेळाचे नियम लबाड नाहीत. जवळपास प्रत्येक आकडा पडद्यावर कुठे ना कुठे दिसतो, आणि खेळातच असलेला सिव्हिलोपीडिया नावाचा कोश व्याख्याही नीट देतो. मात्र कोणता आकडा कोणत्या क्षणी कायम होतो, हे तो कोश ठळकपणे सांगत नाही. मला पडलेले आणि नंतर माझ्या भाच्याने खेळायला लागल्यावर मला विचारलेले बहुतेक प्रश्न याच एका जागेवर येऊन थांबतात.

सर्वांत मोठे उदाहरण डिस्ट्रिक्टचे आहे. या आवृत्तीत शहर नकाशावरच्या एकाच षट्कोनी घरात मावत नाही. विद्येसाठी कॅम्पस, व्यापारासाठी कमर्शियल हब, धर्मासाठी होली साइट असे विभाग शहराभोवतीच्या घरांवर वेगवेगळे बांधावे लागतात. ‘जिल्हा’ हा शब्द इथे अगदीच चुकीचा वाटतो, म्हणून मी मनात त्यांना पेठा म्हणतो. प्रत्येक पेठेला शेजाराचा लाभ मिळतो. कॅम्पसला लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे एक विज्ञानगुण मिळतो, वर्षावनाच्या दर दोन घरांमागे एक, आणि शेजारच्या दर दोन पेठांमागे एक. कमर्शियल हब नदीकाठी असेल तर दोन गुण जास्त मिळतात. हे कळल्यावर नवा खेळाडू डोंगरांच्या बेचक्यातली जागा शोधून तिथे कॅम्पस ठेवतो आणि स्वतःवर खूश होतो. मीही झालो होतो. तीस फेऱ्यांनी मला जलवाहिनी (तीही एक पेठच) बांधायची होती; ती शहराच्या मुख्य घराला लागून आणि त्याच वेळी नदी, तळे, ओअॅसिस किंवा डोंगर यांपैकी कशाला तरी लागून असावी लागते, आणि अशी एकमेव जागा मी कॅम्पसला देऊन बसलो होतो. एकदा बांधलेली पेठ हलवता येत नाही. शिवाय जलवाहिनीच्या शेजारी औद्योगिक पेठ ठेवली तर तिला उत्पादनाचे दोन गुण मिळतात, हे तेव्हा माहीत नसल्याने माझे नुकसान दुहेरी झाले. आता मी शहर वसवल्या-वसवल्या त्याच्या भोवतीच्या घरांवर नकाशाखुणा टाकून पुढच्या शंभर फेऱ्यांचा आराखडा करतो; ही खुणांची सोय खेळातच आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

पेठांची किंमत हा त्याहून अवघड भाग आहे. जितकी जास्त तंत्रे आणि नागरी विचार (म्हणजे समाज व राज्यकारभाराच्या कल्पना) आपण शिकतो, तितकी नवी पेठ महाग होत जाते. पण तिची जागा नक्की करून बांधकाम सुरू केले की त्या क्षणीची किंमत कायम राहते, मग ते बांधकाम लगेच बाजूला ठेवून दुसरे काही बांधले तरी चालते. म्हणजे पेठेची जागा आज अडवून ठेवायची आणि ती बांधायची मात्र सवडीने, हा शहाणपणाचा मार्ग आहे. घर घेताना आजच्या भावाने नोंदणी करून ठेवावी तसाच हा व्यवहार आहे, आणि मला तो तिसऱ्या डावात, तोही योगायोगाने उमगला. अर्थात जागा कितीही अडवता येत नाही: पहिल्या पेठेला एक नागरिक पुरतो, दुसरीला चार लागतात, तिसरीला सात, आणि पुढे दर तिनांनी एक. जलवाहिनीसारख्या काही पेठांना ही अट लागू नाही.

याच संदर्भात भाच्याने विचारलेला एक प्रश्न मला आवडला: “मामा, जंगलावर पेठ बांधली तर लाकूड कुठे जाते?” कुठेच जात नाही, हे त्याचे उत्तर आहे. आधी मजूर पाठवून जंगल तोडले तर त्या शहराला एकरकमी उत्पादन मिळते, आणि सरळ पेठ ठेवली तर जंगल नुसतेच नाहीसे होते. या तोडीतून मिळणारे उत्पादन काळाबरोबर वाढत जाते, आणि मॅग्नस हा गव्हर्नर (शहरावर नेमता येणारा कारभारी) त्या शहरात असेल तर त्यावर आणखी निम्मे मिळते. मजुराला मूळ तीनच कामे करता येत असल्यामुळे त्यातले एक तोडीवर घालवावे की शेतावर, हा निर्णय मला अजूनही दर डावात वेगळा घ्यावा लागतो.

लोकसंख्या अचानक का थांबते, याचे उत्तर धान्यात शोधणे ही सगळ्यांची पहिली चूक असते. खरे कारण बहुधा निवाऱ्यात असते. गोड्या पाण्याकाठच्या शहराला सुरुवातीला पाच निवारे मिळतात, समुद्रकाठच्या शहराला तीन आणि कोरड्या जागेला फक्त दोन. लोकसंख्या वाढत निवाऱ्यापेक्षा एकनेच कमी राहिली की वाढ निम्मी होते, बरोबरीला आली की पावपट राहते. पडद्यावर हिरवीगार शेते दिसत असतात आणि शहर मात्र वाढत नाही, कारण माणसाला राहायला जागा नाही. हा नियम मला अतिशय वास्तव वाटतो. सुखसोयींचा हिशेब सोपा आहे: एका प्रकारच्या चैनीच्या वस्तूने चार शहरांचे समाधान होते, आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा मिळाल्यास तिचा घरात काही उपयोग नसतो, ती शेजाऱ्याला विकावी.

युद्धाच्या बाबतीत तक्रारी फार ऐकू येतात, विशेषतः “माझे सैन्य एवढे बलवान असून हरले कसे” ही. इथे बेरीज-वजाबाकी करून पाहिली की गूढ उरत नाही. दोन तुकड्यांचे बळ समान असेल तर प्रत्येक घाव साधारण ३० गुणांचा बसतो, थोडा नशिबाने कमी-जास्त होतो, आणि प्रत्येक तुकडीचे आरोग्य १०० असते. मात्र बळातला फरक वाढत गेला की परिणाम सरळ न वाढता चक्रवाढीने वाढतो. दहाचा फरक असेल तर बलवान तुकडीचा घाव ४५ च्या घरात जातो आणि उलट घाव २० वर येतो. आता टेकडीला तीन, जंगलाला तीन आणि दोन फेऱ्या मोर्चा बांधून बसलेल्या तुकडीला सहा गुण जास्त मिळतात, हे लक्षात घ्या. २० बळाचा माझा योद्धा जंगल असलेल्या टेकडीवर असा मोर्चा बांधून बसलेल्या तशाच योद्ध्यावर धावून गेला, तर समोर ३२ चे बळ उभे असते. माझे ४८ च्या आसपास गुण जातात आणि त्याचे जेमतेम १९. जखमी तुकडीचे बळ दर दहा गुणांच्या हानीमागे एकाने घटत असल्यामुळे दुसरा हल्ला पहिल्याहून वाईट ठरतो. हल्ला करण्याआधी खेळ हा अंदाज दाखवतो. तो न वाचता बटण दाबण्याची सवय मला दोन डाव नडली.

चालीचा नियमही आधीच्या आवृत्तीहून कडक आहे. टेकडीवर किंवा जंगलात शिरायला दोन चाली लागतात, आणि हातात एकच उरली असेल तर तुकडी तिथे जाऊच शकत नाही. पाचव्या आवृत्तीत उरलेल्या एका चालीवरही घुसता येत असे. त्यामुळे टेकड्यांच्या मुलखातली स्वारी कूर्मगतीने होते, आणि रस्ते व्यापारी तांडेच पाडत असल्यामुळे ज्या शेजाऱ्यावर पुढे स्वारी करायची त्याच्याशी आधी व्यापार सुरू करणे फायद्याचे ठरते. इतिहासात असे घडलेले पुष्कळ सापडेल. वेढ्याचेही तसेच. शहराभोवतीची सर्व घरे आपल्या तुकड्यांच्या दाबाखाली (म्हणजे त्यांच्या ताब्यात किंवा शेजारात) आली नाहीत, तर ते शहर दर फेरीला २० गुणांनी सावरत राहते. नुसते तिरंदाज लावून भिंत पाडू पाहणारा खेळाडू म्हणूनच शंभर वर्षे तिथेच बसून राहतो. तटबंदीसाठी धडकयंत्र किंवा कॅटापुल्ट (दगडफेकीचे यंत्र) हवे, आणि शेवटी शहरात पाऊल टाकायला जवळून लढणारी तुकडी हवीच.

युरेका ही योजना मला सर्वांत कल्पक वाटली. गोफणवाल्याने एक शत्रू मारला की धनुर्विद्या, दगडाची खाण काढली की गवंडीकाम, समुद्रकाठी शहर वसवले की नौकानयन, अशा कृतींमुळे त्या-त्या तंत्राचा ४० टक्के अभ्यास फुकट होतो. पहिल्या विस्ताराआधी हे प्रमाण ५० टक्के होते. म्हणून कृती हातात येईपर्यंत अभ्यास साठ टक्क्यांवर सोडून दुसरीकडे वळावे. केलेले काम वाया जात नाही.

निष्ठेचा, म्हणजे शहर आपल्याकडे टिकते की दुसऱ्याकडे जाते याचा, नियम मी फार महागात शिकलो. हिऱ्यांच्या मोहाने मी एका मोठ्या शेजाऱ्याच्या अंगणात शहर वसवले आणि पंधरा फेऱ्यांच्या आत ते आधी स्वतंत्र झाले व नंतर त्याला जाऊन मिळाले, एकही बाण न सुटता. नऊ घरांच्या आतली प्रत्येक वस्ती आपापल्या लोकसंख्येनुसार ओढ लावते आणि ती ओढ दर घराला दहा टक्क्यांनी कमी होते. शेजाऱ्याचे सुवर्णयुग असेल तर ती दीडपट, आपले अंधारयुग असेल तर आपली निम्मी. गव्हर्नर नेमला तर आठ गुणांचा आधार मिळतो. वसाहतवाला (नवे शहर वसवणारी तुकडी) निवडला असताना नकाशावर हा अंदाज दिसतो, हे मला शहर गेल्यावर दिसले.

भारताबद्दल थोडे. गांधी आणि चंद्रगुप्त असे दोन नेते आहेत. मराठे नाहीत, आणि त्याची खंत आहेच. चंद्रगुप्ताला लष्करी प्रशिक्षणाचा नागरी विचार मिळाला की विस्तारयुद्ध पुकारता येते आणि पहिल्या दहा फेऱ्या सैन्याला दोन चाली व पाच बळ जास्त मिळते. वारू नावाची हत्तीची तुकडी शेजारच्या शत्रूचे बळ पाचने उतरवते, त्यामुळे ही दोन्ही एकत्र आली की त्या दहा फेऱ्या अक्षरशः धावण्याच्या असतात. माझी आवड मात्र स्टेपवेल आहे. ही आपली बारवच. ती धान्य आणि निवारा दोन्ही देते, आणि शेताला लागून बांधली तर आणखी धान्य देते. कोरड्या जागी वसलेले शहर बारवांवर तगलेले पाहताना बरे वाटते.

खेळाची कमजोर बाजू प्रतिस्पर्धी संगणक आहे. खेळाच्या काठिण्याच्या आठ पातळ्यांपैकी प्रिन्स ही समसमान आहे; तिच्या वर गेल्यावर संगणक हुशार होत नाही, त्याला फक्त जास्तीची मदत मिळते. सर्वांत वरच्या डेइटी पातळीवर तो तीन वसाहतवाले घेऊन सुरुवात करतो. त्यामुळे पहिल्या शंभर फेऱ्या श्वास रोखायला लावतात आणि शेवटच्या शंभर फेऱ्या, विजय दिसत असतानाही, केवळ बटणे दाबण्यात जातात. जिंकण्याचा एक मार्ग असलेल्या सांस्कृतिक विजयाचा काटा तर अजून अनेकांना कळत नाही: आपल्याकडे येणारे परदेशी पर्यटक इतर प्रत्येकाच्या देशांतर्गत पर्यटकांपेक्षा जास्त व्हावे लागतात, आणि प्रतिस्पर्ध्याची संस्कृती वाढत राहिली की लक्ष्यही पुढे सरकते.

घ्यायचाच असेल तर दोन्ही विस्तार धरून घ्यावा. पहिला डाव लहान नकाशावर, प्रिन्स पातळीवर आणि शेजारी तीन-चारच ठेवून खेळावा. मोठ्या नकाशावर शेवटी-शेवटी माझ्या जुन्या लॅपटॉपला एक फेरी पुरी करायला चहा ओतून आणण्याइतका वेळ लागतो.