एक्सटीसीचा 'द बिग एक्सप्रेस': सहा महिने ऐकल्यावर

एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचं नाव निघालं की लोक 'इंग्लिश सेटलमेंट' या अल्बमवर बोलतात, नाहीतर थेट 'स्कायलार्किंग'वर जातात. मधल्या १९८४ च्या या अल्बमला कुणी वाली नाही. ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत तो ३८ व्या क्रमांकावर अडकला. सुरुवातीला माझंही मत वाईटच होतं आणि त्याचं कारण एकच, लिनड्रम हे ड्रम मशीन!

ड्रमर टेरी चेंबर्स बँड सोडून गेल्यावर काही गाण्यांत पीट फिप्सचे ड्रम्स आहेत, बाकी ठिकाणी हे यंत्र. त्यात खऱ्या ड्रम्सचेच आवाज साठवलेले असतात, पण ८ बिटचे, म्हणजे जरा खरखरीत. माणूस वाजवतो तेव्हा काठी दर वेळी जराशी वेगळी पडते. यंत्राच्या स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठोका मात्र आधीच्या ठोक्याची हुबेहूब नक्कल. तो बोचतो. त्यावर गिटार, कीबोर्ड आणि आवाजांचे थर इतके रचलेत की वीस मिनिटांत कान शिणतात.

यावर उपाय आहे. इक्वलायझरमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल उतरवा. बेस चढवू नका, कॉलिन मोल्डिंगची बेस गिटार किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, आवाजात बुडते. आणि आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा.

दुसरी अडचण मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणाऱ्या, ब्लूटूथ स्पीकरची. पहिल्याच 'वेक अप'मध्ये एक गिटार पूर्ण डावीकडे आणि दुसरी पूर्ण उजवीकडे आहे. एक टोचते, लगेच दुसरी उत्तर देते. त्या सवालजवाबावर सगळं गाणं उभं आहे. मोनोत दोन्ही मधोमध येऊन आदळतात आणि उरतो नुसता खडखडाट. फोनच्या अॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू राहिलाय का, तेही बघून घ्या. एकच इअरबड लावून तर हे गाणं ऐकूच नका, एक गिटार गायब.

एवढं केल्यावर तिसऱ्या महिन्यात लिनड्रमबद्दलचा रागही गेला. हा बँड इंग्लंडमधल्या स्विंडन गावचा. १८४३ पासून तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिन कारखाना होता. अल्बमनंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, तो बंद पडला. 'द एव्हरीडे स्टोरी ऑफ स्मॉलटाऊन' हे अशाच गावाचं गाणं. शेवटच्या 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल'मध्ये बँडचा गायक अँडी पार्ट्रिज स्वतःलाच कोळसा संपत आलेलं इंजिन म्हणतो. तिथे तालात माणसाचा हात नको, लोखंडच हवं. जो ठोका बोचत होता, तोच या गाण्याची चाकं फिरवतो.

'रेन ऑफ ब्लोज' मला अजूनही झेपत नाही. त्यातला गळा मुद्दाम फाडलाय, पण फार फाडलाय. 'सीगल्स स्क्रीमिंग'मधला युफोनियम (पितळी फुंकवाद्य) मात्र अप्रतिम आहे. त्या गाण्यावर अन्याय झालाय.

खरेदीबद्दल: २०२३ च्या आवृत्तीत संगीतकार स्टीव्हन विल्सनने केलेलं नवं मिक्स आहे, सराऊंडसकट. घरी पाच स्पीकर नसतील तर सराऊंडची चिंता करू नका, त्यातलं स्टीरिओ मिक्स पुरेसं मोकळं आहे. जुनी एलपी घेत असाल तर सुरुवातीच्या प्रतींचं कव्हर इंजिनाच्या चाकासारखं गोल आहे. ते रॅकमध्ये उभं राहत नाही, घरंगळतं आणि त्याच्या कडा आधी फाटतात. म्हणून पैसे देण्याआधी कव्हर हातात घेऊन कडा पूर्ण गोल फिरवून तपासा आणि घरी आणल्यावर बारा इंची चौकोनी प्लास्टिक पिशवीत ठेवा.