इटालेरीचे १/७२ ऑस्ट्रियन शिपाई: डब्यावर १८०५, कामाचे १८०९ पर्यंत

इटालेरी कंपनीच्या या छोट्या प्लास्टिक शिपायांच्या (१/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे) डब्यावर '१७९८–१८०५' छापलंय म्हणून हा सेट फक्त नेपोलियनविरुद्धच्या १८०५ मधल्या ऑस्टर्लिट्झच्या लढाईसाठी घेणार असाल, तर त्याचा निम्मा उपयोग वाया घालवाल. ऑस्ट्रियन पायदळात शाको (उंच, नळकांड्यासारखी) टोपी १८०६ साली मंजूर झाली, पण ती आधी हंगेरियन रेजिमेंटांना मिळाली. 'जर्मन' रेजिमेंटा (यात बोहेमिया, मोराविया, गॅलिशियाचे शिपाईही आले) जुना साठा संपेपर्यंत कलगीचं चामडी हेल्मेटच घालत होत्या. त्यामुळे २१–२२ मे १८०९ ची अ‍ॅस्पर्न आणि ५–६ जुलैची वाग्राम या दोन्ही लढायांत हे हेल्मेटवाले बिनदिक्कत उभे करता येतात. पुढच्या पितळी पत्र्यावर सम्राट फ्रान्झचं कोणतं आद्याक्षर असावं, याचा घोर मात्र लावून घेऊ नका. साधारण २४ मिलिमीटरच्या माणसावर ते कुणालाही वाचता येत नाही.

प्लास्टिक नरम आहे. संगीन पडली तरी तुटत नाही, पण वाकलेली येते. गरम पाण्यात ५ ते १० सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. साच्याच्या जोडाची रेघ कानशीने घासू नका, नरम प्लास्टिकला लव सुटते. नवी ब्लेड आडवी धरून कापा, आणि कोटाच्या घडीत अडकलेली रेघ राहिली तर राहू द्या. रंगवण्याआधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. साच्याचं तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि सुरुवात नेहमी संगिनीच्या टोकापासून होते.

प्रायमर (रंगाआधीचा तळाचा थर) पॉलियुरेथेनचा, पाण्यात मिसळणारा घ्या. त्याचा थर वाकतो, तडकत नाही. पातळ फेविकॉलचा हात देण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते, पण नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो थर दमट होऊन चिकटतो. स्प्रे वापरायचाच असेल तर मे महिन्यात सकाळी सहा-सातलाच मारा, २० ते २५ सेंटिमीटरवरून. दुपारच्या ४५ अंशांत रंग हवेतच सुकतो आणि शिपायावर रवाळ बसतो.

आता खरी परीक्षा: पांढरा कोट. त्या काळात न रंगवलेली लोकर स्वस्त पडायची, म्हणून हा कोट पांढरा. म्हणजे मुळात तो मळकट, किंचित राखाडी. पट्टे मात्र पांढऱ्या मातीने घासून चमकवलेले. एवढं ध्यानात ठेवलं की रंगांचा क्रम आपोआप ठरतो. कोटाला तीन भाग पांढरा, एक भाग फिका राखाडी आणि सुईच्या टोकाएवढा तपकिरी. घड्यांत हाच रंग थोडा गडद करून पातळ सोडा, उंचवट्यांवर किंचित मळका पांढरा. शुद्ध पांढरा फक्त छातीवरच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांना. पट्टा आणि कोट यांच्यामध्ये राखाडी-तपकिरी बारीक रेघ ओढली नाही, तर हातभर अंतरावरून दोन्ही एकच दिसतात. बहुतेकांचे ऑस्ट्रियन इथेच फसतात.

पांढरा एका जाड हातात झाकायला गेलात तर ब्रशचे फराटे उमटतात. दोन-तीन पातळ हात द्या. पण उन्हाळ्यात पातळ रंग प्लेटवरच आटतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. टेबल कूलरच्या झोताच्या बाजूला ठेवा, समोर नको. झोतात ब्रशचं टोक मिनिटभरात कडक होतं. शाळेचे पोस्टर कलर अजिबात नकोत, ओलं बोट लागलं तरी निघतात.

रेजिमेंट निवडताना नवख्याने ३ किंवा ४ क्रमांक घ्यावा. ३ म्हणजे आर्चड्यूक (राजपुत्र) कार्लच्या नावाची, ४ म्हणजे व्हिएन्नाची होख-उंड-डॉइचमाइस्टर. दोघांच्या कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या आकाशी. फरक बटणांचा: तिसरीची पांढरी, चौथीची पिवळी. एकाच रंगाच्या बाटलीत दोन रेजिमेंटा होतात. १७९८ नंतरच्या कोटाला छातीवर रंगीत पट्टी नाही, तेव्हा जुन्या चित्रांवरून तिथे आकाशी फासू नका. हेल्मेटवर हिरव्या पानांची डहाळी असेल तर ती हिरवीच ठेवा, मोहिमेवरची ती ऑस्ट्रियन खूण आहे. अधिकाऱ्याच्या कमरेला सोनेरी-काळा पट्टा.

याच शिपायांना निळी तुमान रंगवून हंगेरियन करायचा मोह टाळा. जर्मन शिपायाला गुडघ्यापर्यंत काळे गेटर (बटणं लावायची पायपट्टी) असतात, हंगेरियनाला घोट्यापर्यंत घट्ट तुमान. गेटरची बटणं तासावी लागतात, बाह्यांवर अस्वलाच्या पंजासारखी टोकदार फीत काढावी लागते, आणि एवढ्या खटाटोपात वेगळा सेट येतो.

वॉर्निशही ऋतू बघून. पावसाळ्यात मॅट स्प्रे मारला की दमट हवेने पांढरी धुकट साय धरते. कोटावर ती खपून जाते, काळ्या गेटरवर लपत नाही. ब्रशने आधी ग्लॉस, तो पुरता वाळला की मॅट.

पूर्ण सैन्य उभारायचं आणि टेबल लहान असेल तर हाच सेट. चेहरे, बटणं रंगवण्याची हौस असेल तर २८ मिलिमीटरमधले पेरी किंवा व्हिक्ट्रिक्स कंपनीचे कडक प्लास्टिकचे ऑस्ट्रियन बरे. ते प्लास्टिकच्या सिमेंटने नीट जुळतात, कानशीही सोसतात. पण जागा आणि खर्च दोन्ही वाढतात. परदेशातून मागवताना टपाल आणि कस्टम ड्यूटी धरूनच दर डब्याचा भाव काढा.

आणि पांढऱ्याचा कंटाळा आला की मध्ये तोफखाना घ्या. तिथे कोट तपकिरी, कॉलर लाल, तोफांचे गाडे पिवळट आणि लोखंडी भाग काळे. एका रविवारी तोफ आणि गोलंदाज दोन्ही उरकतात.