'फुल एचडी'चं बिल आणि २६ मिनिटांची हळद

परभणी जिल्ह्यातल्या एका घरात २००९ सालच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या. घरातले त्यांना 'सीडी' म्हणतात, आजी अजून 'शूटिंगची कॅसेट'च म्हणते. डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही, म्हणून तिन्ही डिस्क तालुक्याच्या गावी एका मोबाइल-झेरॉक्सच्या दुकानात दिल्या. बिल असं झालं: 'फुल एचडी कन्व्हर्जन' डिस्कमागे ४०० प्रमाणे १,२००, 'लॉक तोडणे' ३००, ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ५००. एकूण २,००० रुपये. "मामा, पाऊण तासात या, काहीच काळजी करू नका." पाऊण तासात काम मिळालंही. दुकानात पहिली दोन मिनिटं लावून दाखवली. आधी गणपती, मग फुलांच्या चौकटीत नवरानवरीचं नाव, मग मांडव. सगळे खूश, पैसे दिले.

त्या पेन ड्राइव्हमध्ये काय होतं ते एकेक करून बघू. मराठवाड्यात २००३ ते २०१२ या काळात झालेल्या लग्नांच्या डिस्क आता घरोघरी कपाटातून बाहेर निघायला लागल्यात आणि हाच माल थोड्याफार फरकाने सगळीकडे विकला जातोय.

आधी वेळेचा हिशोब. भरलेली डीव्हीडी ४.७ जीबीची असते, विंडोजमध्ये ती ४.३७ दिसते. चांगल्या ड्राइव्हलाही ती नुसती वाचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, ओरखडे असतील तर तासभरही. तीन डिस्कचं वाचनच पाऊण तास खातं, रूपांतर त्यानंतर सुरू होतं. म्हणजे दुकानदाराने वेळ सांगितली तेव्हाच डिस्क पूर्ण वाचल्या जाणार नाहीत हे ठरलेलं होतं.

पहिली फाइल. आकार १९२० बाय १०८०, दीड जीबी, लांबी २६ मिनिटं. मूळ डिस्क मात्र १ तास ५३ मिनिटांची. हळद लागते, काकवा उखाणे घ्यायला लागतात आणि फाइल संपते. सीमांतपूजन नाही, परण्या नाही. याचं कारण डिस्कच्या रचनेत आहे. डीव्हीडी उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. त्यात चित्र आणि आवाज व्हीओबी फाइलींमध्ये असतो आणि एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी होत नाही. त्यामुळे पावणेदोन-दोन तासांचं शूटिंग व्हीटीएस_०१_१ पासून व्हीटीएस_०१_५ पर्यंत पाच तुकड्यांत विभागलेलं असतं. घाईतला माणूस पहिला तुकडा उचलतो, कन्व्हर्टरमध्ये टाकतो आणि मोकळा होतो. नेहमीच्या दर्जाला १ जीबी म्हणजे साधारण २६ मिनिटं. तुमच्याकडे आलेली फाइल २२ ते २८ मिनिटांच्या आसपास कापल्यासारखी संपत असेल, तर हेच झालंय. पाचही तुकडे वेगवेगळे बदलून नंतर चिकटवणारेही भेटतात. तिथे जोडावर चित्र अडखळतं आणि आवाज ओठांच्या मागेपुढे जायला लागतो.

आता 'फुल एचडी'. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. गुणाकार केला तर ४,१४,७२०. फुल एचडीचे ठिपके २०,७३,६००. बरोबर पाचपट. पाचातला एक ठिपका कॅमेऱ्याने पाहिलेला, उरलेले चार संगणकाने शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले. फाइल फुगते, चेहरा आहे तेवढाच पुसट राहतो. 'फोर के' म्हणणाऱ्याचं पाणी तर आणखी पातळ. वर त्या काळचं बहुतेक शूटिंग ४:३ चौकटीचं. ते ओढून १६:९ मध्ये बसवलं की नवरीपासून भटजीपर्यंत सगळी मंडळी जाड आणि बुटकी दिसायला लागतात. उलट चूकही होते. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. ७२० बाय ५७६ तसेच चौरस धरले तर माणसं किंचित बारीक दिसतात, ४:३ साठी पडद्यावर ते ७६८ बाय ५७६ दिसायला हवेत. मांडवातला गोल तांब्या किंवा घड्याळ गोलच दिसतंय का, एवढं बघितलं तरी पुरे.

दुसऱ्या डिस्कचे 'लग्न पार्ट १' ते 'पार्ट ५' असे पाच तुकडे, पुढे एमपी४ लिहिलेलं. पहिल्या चारही तुकड्यांचा आकार १०,४८,५०० केबीच्या आसपास. इथे रूपांतर झालंच नव्हतं. व्हीओबीचं नाव पुसून एमपी४ लिहिलं, एवढंच काम. संगणकावर व्हीएलसी हा प्लेअर असलं काहीही बिनतक्रार चालवतो, म्हणून दुकानात ते चाललं. घरी फोनवर मंगलाष्टका दिसल्या पण ऐकू आल्या नाहीत, कारण आत एसी-३ या डीव्हीडीच्या पद्धतीचा आवाज होता आणि तो पुष्कळ फोनना कळत नाही. ही चोरी पकडायला अर्धं मिनिट पुरतं. व्हीएलसीत फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, किंवा मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम लावा. तिथे चित्राला एच.२६४ किंवा एच.२६५ या नव्या पद्धतीचं नाव दिसायला हवं, आवाजाला एएसी. एमपीईजी व्हिडिओ, व्हर्जन २ दिसलं तर ती जुनीच डिस्क आहे, पाटी तेवढी नवी.

तिसऱ्या डिस्कवर दोन टायटल, म्हणजे दोन स्वतंत्र भाग होते. आहेर ८० मिनिटं, पाठवणी २५ मिनिटं. पेन ड्राइव्हवर आला तो सगळा आहेर. कोणी कोणाला टॉवेल-टोपी दिली ते अथपासून इतिपर्यंत, आणि पाठवणी गायब. कन्व्हर्टर आपणहून सगळ्यात लांब टायटल निवडतो, बाकीची यादीतून माणसाने निवडावी लागतात. ही बहुधा लबाडी नसते, आळस असतो. गिऱ्हाइकाला नुकसान तेवढंच.

याच फाइलमध्ये हात हलला, कोणी समोरून गेलं की कडांना कंगव्याचे दात दिसत होते. पाल चित्र सेकंदाला २५ चौकटींचं, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांची, एका अर्ध्यात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. जुना टीव्ही ते एकामागे एक दाखवायचा, आताचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो. म्हणून रूपांतर करतानाच डीइंटरलेस करावं लागतं. ते न करता फाइल बनवली की दात कायमचे आत जातात, नंतर नीट निघत नाहीत. मूळ डिस्क जपायला सांगतात ते यासाठीही.

'लॉक तोडणे' ३०० रुपये. बाजारात विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर सीएसएस नावाचं कुलूप असू शकतं. ते कारखान्यात छापलेल्या डिस्कवरच बसतं. शूटिंगवाल्याने आपल्या संगणकावर राइट केलेल्या साध्या डीव्हीडी-आरवर त्याच्या किल्ल्या लिहिताच येत नाहीत. लग्नाच्या डिस्कला कुलूप नसतंच, ते तोडायचे पैसे मात्र लागतात!

पेन ड्राइव्हचं सोंग सगळ्यात उशिरा उघडं पडलं. तिन्ही डिस्कचा माल मिळून सात जीबी, तो ठीक चालत होता. दिवाळीत घरच्यांनी त्यावर फोनमधले फोटो भरले. नावं दिसतात, उघडत नाहीत. आत ८ जीबीची चिप होती आणि ती स्वतःला ६४ सांगत होती. खरी जागा संपली की असा ड्राइव्ह तक्रार न करता पुढचं हवेत लिहितो किंवा जुन्यावरच गिरवतो. तपासायला एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्राम आहे, तो पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतो. सेकंदाला १५ एमबीने लिहिणाऱ्या ६४ जीबीला नुसतं भरायलाच सव्वा तास लागतो. लागू द्या. आणि इथे दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. खरा ६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ च्या आसपासच दिसतो. मोजण्याच्या दोन पद्धतींचा तो फरक आहे, त्यावरून भांडू नका.

तसंच 'साडेचार जीबीची डिस्क आणि फाइल दीड जीबीची, बाकीचं कुठं गेलं?' हे भांडणही चुकीचं. डीव्हीडीचं एमपीईजी-२ हे १९९० च्या दशकातलं तंत्र आहे, एच.२६४ तेवढंच चित्र निम्म्याहून कमी जागेत ठेवतं. हिशोब तोंडपाठ करण्यासारखा आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे तासाला ४५० एमबी. घरगुती डीव्हीडीला दीड ते अडीच एमबीपीएस पुरतात, म्हणजे १ तास ५३ मिनिटांची फाइल साधारण १.३ ते २.१ जीबी. तीच ३०० एमबीत आली तर मात्र चेहऱ्यावर चौकोन, अक्षतांच्या वेळी नुसती खिचडी.

काम नीट करायला काय लागतं? यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह, थोडा धीर आणि हँडब्रेक हा रूपांतराचा मोफत प्रोग्राम. तो मोफतच आहे. 'हँडब्रेकचं लायसन्स' म्हणून पैसे मागणारा चोर समजावा. उतरवून घेताना मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. मे २०१७ मध्ये त्याच्या एका डाउनलोड सर्व्हरवरच मॅकसाठीच्या फाइलीत व्हायरस घुसवला गेला होता, तर भलत्या ठिकाणच्या फाइलींचं काय सांगावं.

डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आधी पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करायचं. हँडब्रेकला ते अख्खं फोल्डर दाखवायचं, एकटी व्हीओबी नाही. टायटलची यादी उघडून प्रत्येकाची लांबी कागदावर लिहायची. चित्राचा आकार मोठा करायचा नाही, अ‍ॅनामॉर्फिक (ठिपक्यांचा आकार सांभाळणारी सोय) 'ऑटोमॅटिक'वर ठेवायचं. फिल्टरमध्ये डीइंटरलेसला 'बॉब' निवडून फ्रेमरेट ५० केला तर हालचाल जुन्या टीव्हीसारखी सरळ दिसते. माणसं दोन पावलं पुढे एक पाऊल मागे अशी थरथरायला लागली तर सम-विषम ओळींचा क्रम उलटा धरला गेलाय, तो बदलायचा. एन्कोडर एक्स२६४, दर्जा आरएफ १८ ते २०, वेग 'स्लो'. आवाज एएसी १६०. मूळ शूटिंग व्हीएचएसवरून डीव्हीडीत आलेलं असेल तर तळाशी फडफडणारी पट्टी दिसते, तेवढ्या ओळी कापाव्यात.

काम दुकानातच द्यायचं असेल तर डिस्क देण्याआधी प्रत्येकीची एकूण लांबी आणि टायटल किती ते पावतीवर लिहून घ्या. घेताना फाइलची सुरुवात बघू नका. मध्य बघा, शेवटची पाच मिनिटं बघा, एखादा तुकडा तिथेच फोनवर चालवा. मूळ डिस्क मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका आणि दुकानाच्या संगणकावरची प्रत समोर पुसायला लावा. घरातल्या बायका-मुलींचं शूटिंग अनोळखी संगणकावर का राहावं?

आणखी एक दुकानदारी म्हणजे 'डिस्क कोरी आहे, मुंबईच्या लॅबला पाठवावी लागेल, तीन हजार.' डीव्हीडी कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर केलेली डिस्क 'फायनलाइज' करायची, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायची राहिली असेल तर विंडोजला ती कोरी दिसते. डिस्कच्या खालच्या बाजूला गडद आणि फिकट असे दोन पट्टे दिसतात का बघा. दिसले तर त्यावर लिहिलेलं आहे, आणि आयसोबस्टरसारखा प्रोग्राम ते बहुधा काढून देतो. पत्र्याच्या घरात पंधरा उन्हाळे काढलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर खरंच मरतो, तेव्हा लॅबही काही करत नाही. टूथपेस्ट आणि पॉलिश खालच्या प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यापुरतं, मेलेल्या थराला नाही.

फसलात तर पावती आणि यूपीआयचा पुरावा घेऊन ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. 'रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं फोनवर कोणी म्हटलं तर ती दुसरी फसवणूक. पैसे यायला पिन लागत नाही. त्यात गेले तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

परभणीच्या त्या तीन डिस्क पुन्हा वाचल्या. पहिल्या दोन बिनबोभाट. तिसरीवर गोलाकार ओरखडा होता, दुकानात देताना नव्हता असं घरचे सांगतात. गोल ओरखडा आडव्यापेक्षा वाईट, कारण तो लिहिलेल्या ओळीच्या दिशेनेच जातो. आणि डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जात असल्याने शेवटचं शूटिंग कडेला असतं, जिथे बोटं लागतात. पाठवणी तिथेच होती. नव्या ड्राइव्हने मान टाकली. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम लावून एका जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने ती डिस्क रात्रभर पुन्हा पुन्हा वाचली. डिस्कवरची दुरुस्तीची गणितं ३२ केबीच्या गठ्ठ्यांत चालतात. एक गठ्ठा गेला की पुढच्या पूर्ण चौकटीपर्यंत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास, चित्र फुटतं. सकाळी नऊ गठ्ठे तेवढे राहिले होते. गाडीचं दार लागतं तिथे चित्र दोन-तीनदा फुटतं, आवाज मात्र बराचसा आहे.