सोलापुरात घरदुरुस्तीची कामं: घरातूनच घ्यायची की गाळा टाकून?

नळ, दरवाजे, टाइल्स, पंखे अशी पडतील ती कामं करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. घरच्या पत्त्यावरून मोबाइलवर कामं घ्यायची, नाहीतर जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला गाळा घेऊन दोन पोरं हाताशी ठेवायची. कागदपत्रांच्या बाबतीत या दोन्हींत वाटतो तेवढा फरक नाही.

वीसपेक्षा कमी माणसं असली की दुकाने व आस्थापना कायद्याची, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची नोंदणी लागत नाही. धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची, त्याची पावती मिळते. एकटे असाल तरी ती काढून ठेवा, कारण करंट खातं उघडताना बँक हीच मागते. सोबत उद्यम, म्हणजे केंद्र सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी करा. आधार आणि पॅनवर ती फुकट होते. सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइटवर कोणी फी मागितली तर तो एजंट समजा. वर्षाला 2500 रुपये व्यवसाय कर दोघांनाही येतो. गाळ्याला यापुढे भाडेकरार आणि वीजबिल येतं. पाटीवर मराठी नाव देवनागरीत, आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. 2022 पासून हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. पाटीवर एक नाव आणि अर्जात दुसरं, हा घोळ नेहमीचा. नाव पक्कं झाल्याशिवाय फ्लेक्स छापायला टाकू नका.

जीएसटीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला 20 लाख. घरून काम करणारा बहुधा तिथे पोचत नाही. गाळेवाला पोचतो तो मजुरीमुळे नव्हे, मालामुळे: टाइल्स, सिमेंट, फिटिंग स्वतःच्या बिलात धरलं की आकडा फुगतो. गिऱ्हाइकानं माल स्वतः आणला तर तुमच्या उलाढालीत फक्त मजुरी. गरज नसताना हौसेनं नंबर घेऊ नका. काम शून्य असलं तरी रिटर्न भरावंच लागतं आणि उशीर झाला की रोज 20 रुपये विलंब शुल्क.

खरी मेख विजेच्या कामात आहे आणि तिथे घर-गाळा हा भेद उरतच नाही. शॉप अ‍ॅक्टच्या पावतीनं वायरिंगला हात लावायचा हक्क मिळत नाही. खराब स्विच, पंखा, दिवा, फ्यूज तेवढ्याच क्षमतेचा बदलणं चालतं. नवा पॉइंट, वाढीव लोड, बोर्डातला फेरफार ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदाराची, परमिटवाल्या वायरमनच्या हातून आणि सुपरवायझरच्या देखरेखीखाली व्हायची. सोलापुरात मार्च उजाडला की एसीच्या पॉइंटसाठी फोन सुरू होतात. दिव्यांच्या 1.5 चौरस मिमी वायरवरच एसी जोडला जातो, एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागते, मग कोणीतरी 16 च्या जागी 32 अँपिअरची बसवतो. ट्रिपिंग थांबतं खरं, पण एमसीबी त्या वायरच्या रक्षणासाठी होती. आता वायर पाइपातल्या पाइपात तापते, इन्शुलेशन वितळतं. महावितरणच्या नव्या जोडणीला लागणारा टेस्ट रिपोर्टही परवानाधारक ठेकेदाराच्याच सहीचा लागतो.

म्हणून गाळ्याचं डिपॉझिट आणि परमिट यांतलं एकच परवडत असेल तर आधी वायरमनचं परमिट. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड झालेला असेल तर ते सोपं जातं. ठेकेदाराच्या परवान्याला मात्र सुपरवायझर आणि मेगर, अर्थ टेस्टर अशी इन्शुलेशन आणि अर्थिंग तपासायची उपकरणं दाखवावी लागतात, त्यामुळे तो गाळेवाल्यालाच पेलतो. एकट्यानं तोवर ओळखीच्या परवानाधारकाकडे पॉइंटची कामं वळवावीत.

नळाचं तसं सोपं. इथे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हौद, मोटर, फूट व्हॉल्व्ह, टाकीचा बॉल कॉक यांची कामं बारमाही. मीटरच्या अलीकडे, घरात, महापालिकेचा परवाना कोणी विचारत नाही. मुख्य लाइनवरची जोडणी किंवा रस्ता खोदणं आलं की मनपाची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो. गिऱ्हाईक 'रात्रीत उरकून टाका' म्हणालं तरी नाही म्हणा. जोडणी बेकायदा ठरली की ती तोडली जाते, आणि खर्च परत मागायला गिऱ्हाईक तुमच्याच दारात येतं.