म्हादईच्या खोऱ्यातील पक्षी-छायाचित्रण सहल : कोणासाठी आणि कितपत

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका स्थानिक चमूने म्हादई आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठाने आखलेली पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण सहल मी या हिवाळ्यात केली. पक्ष्यांची यादी भरून आणण्याच्या इराद्याने जाणाऱ्याची येथे निराशा होण्याची शक्यता आहे. परंतु डोंगरातून उतरणाऱ्या नदीच्या काठी कोणता पक्षी कोठे, कोणत्या वेळी आणि का सापडतो, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी गोव्यात यापेक्षा चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही.

कर्नाटकातील भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई सत्तरीत उतरते, तो सुमारे 208 चौरस किलोमीटरचा टापू 1999 पासून अभयारण्य आहे. सह्याद्रीची भिंत पूर्वेला असल्यामुळे खोऱ्याच्या तळाशी ऊन उशिरा पोहोचते, आणि सहलीचे सारे वेळापत्रक याच गोष्टीवर बेतलेले आहे. पहिला तास ओढ्यावर न घालवता, ऊन आधी येते त्या पश्चिमेकडील उतारावरच्या कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या, कडेला घालवला जातो. तेथील फळांनी लगडलेल्या उंबरावर मलबारी कवड्या धनेश आले होते. चोचीच्या टोकात एकच उंबर अलगद धरायचे, मान मागे झटकायची आणि फळ घशात सोडायचे, हा क्रम तो मोठा पक्षी इतक्या सफाईने करतो की फळ हवेत असतानाचे छायाचित्र मिळवण्यासाठी त्याची लय आधी मनात बसवावी लागते. मार्गदर्शकाने आम्हाला बराच वेळ कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहायला लावले, ते योग्यच होते.

खरी कसोटी तांबडी सुर्ल्याला लागली. कदंबकालीन महादेव मंदिराच्या परिसरातून, सुर्ला नदीच्या काठाने ही वाट मोलेच्या दाट जंगलात शिरते. सर्वांना हवा होता कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन. अशा वेळी मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला पुढे ओढण्याची खोड आता सर्रास दिसते. आमच्या मार्गदर्शकाने तसे करण्यास ठाम नकार दिला आणि तो भृंगराजाच्या आवाजाचा माग घेत राहिला, कारण भृंगराज, निखार अशा पक्ष्यांचे मिश्र थवे किडे टिपत जंगलातून सरकतात, तेव्हा कर्णाही पुष्कळदा त्यांच्यासोबत असतो. थवा आला आणि त्याच्या मागोमाग नर कर्णा वाटेवरच्या आडव्या फांदीवर येऊन बसला : काळे डोके, छातीवर पांढरी रेघ, खाली गर्द गुलाबी-लाल पोट. हा पक्षी बराच वेळ निश्चल बसतो. त्यामुळे एकदांडी स्टँडवर कॅमेरा टेकवून शटरचा वेग 1/125 सेकंदापर्यंत खाली आणता येतो आणि त्या अंधाऱ्या सावलीतही आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, बेताचा राहतो. फ्लॅशला येथे मनाई आहे, आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. तिबोटी खंड्याच्या विणीच्या काळात, पावसाळ्यात, त्याच्या बिळासमोर कोणालाही बसवणार नाही, हेही चमूने नोंदणीच्या वेळीच स्पष्ट केले होते.

दुपारचे सत्र मात्र मला पटले नाही. पाण्याचे कुंड आणि कापलेली फळे मांडून आडोशामागून छायाचित्रे काढण्याची ती व्यवस्था होती. लाल कंठाचा पिवळा बुलबुल, म्हणजे गोव्याचा राज्यपक्षी, तेथे हाताच्या अंतरावर यावा तसा आला. पण ती छायाचित्रे कोणत्याही खोऱ्यातली, कोणाचीही असू शकतात. सकाळभर शिकवलेल्या निरीक्षणाशी या सत्राचा काहीच संबंध नाही, म्हणून तो वेळ नदीपात्रातील खडकांवर बसून शीळकरी कस्तुराची वाट पाहण्यास द्यावा, असे मी सुचवले आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ओढ्याकाठच्या अरुंद पायवाटेवर आमच्यासारखा मोठा गट नेल्यास मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. कर्णा बसला होता तेव्हा शेवटच्या तिघा-चौघांना तो धड पाहायलाही मिळाला नाही. वनखात्याचे प्रवेशशुल्कही सहलीच्या शुल्कात धरलेले नव्हते आणि ते आधी सांगायला हवे होते. राहणे साधे व स्वच्छ, जेवण उत्तम. आळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची नारळाच्या वाटणातली रस्साभाजी) विशेष.

जड 600 मिलिमीटरच्या लेन्सपेक्षा हातात पेलणारी 100-400 मिलिमीटरची लेन्स या वाटांवर अधिक कामाची ठरते. नोंदणी करताना गटात किती जण असतील हे आधी विचारून घ्यावे, आणि आकडा मोठा असल्यास आठवड्याच्या मधल्या वारची तारीख मागावी. त्या दिवसांत तांबडी सुर्ल्याला मंदिर पाहायला येणाऱ्यांची गर्दीही कमी असते.